बांधावरची हरळी कुणाच्या खात्यात? : 'सिंचन कार्यक्षमतेचा विरोधाभास' जतमधून वाचताना

सिंचनावर पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कधी ना कधी एक तीन पानी लेख येतोच. ऑगस्ट २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो आला. क्वेंटिन ग्राफ्टन आणि त्यांचे दहा सहलेखक. शीर्षकाचा मराठीत अर्थ होतो 'सिंचन कार्यक्षमतेचा विरोधाभास'. मार्गदर्शक म्हणतात वाचा, परिसंवादात कुणीतरी त्याचा दाखला देतो, आणि मग आपणही देऊ लागतो.

मी चाऱ्याच्या पाण्यावर काम करते, आणि माझा अभ्यासाचा तालुका जत आहे. त्यामुळे हा लेख मी जतच्या माळावरून वाचते. तिथून वाचला की तो नव्वद टक्के पटतो आणि दहा टक्के टोचतो. आज दोन्हींबद्दल लिहायचं आहे. त्यातला टोचणारा भाग जरा सविस्तर सांगते, कारण मेंढपाळांचा प्रश्न त्यातच अडकलेला आहे.

आधी लेखाचं म्हणणं

समजा तुमच्या विहिरीतून तुम्ही १०० घागरी पाणी उपसलं आणि पाटानं पिकाला दिलं. त्यातल्या ६० पिकानं वापरल्या, म्हणजे त्या वाफ होऊन हवेत गेल्या. उरलेल्या ४० जमिनीत मुरल्या. तुम्ही म्हणाल, चाळीस वाया गेल्या. मग ठिबक बसवलं. आता तेवढ्याच शंभरातल्या ९० पिकाला लागतात, मुरतात फक्त १०. कार्यक्षमता साठवरून नव्वदवर. अनुदान सार्थकी लागलं, फोटो काढा!

पण त्या चाळीस घागरी गेल्या कुठे होत्या? खालच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या विहिरीत, ओढ्याच्या झिरप्यात. आता तिथे तीस घागरी कमी पोचणार. आणि तुम्ही त्या तीस घागरींवर दीडपट रान भिजवणार, कारण पाणी 'वाचलं' आहे. म्हणजे तुमच्या शेताची कार्यक्षमता वाढली आणि खोऱ्यातून हवेत जाणारं पाणीही वाढलं. विरोधाभास तो हाच. जेव्हन्सनं १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच सांगितलं होतं: इंजिन काटकसरी झालं की कोळसा कमी नाही, जास्त जळतो.

ग्राफ्टन आणि मंडळींचा उपाय थोडक्यात असा. शेतापासून खोऱ्यापर्यंत पाण्याचा जमाखर्च मांडा. उपशावर मर्यादा घाला. अनिश्चितता आणि जोखीम लक्षात घ्या. कुणाचा फायदा, कुणाचा तोटा हे तोलून पाहा. आणि अनुदान दिल्यावर शेतकरी प्रत्यक्षात काय करतो ते समजून घ्या. हे सगळं न करता नुसतं ठिबकाला अनुदान देणं म्हणजे पाणी वाचवणं नव्हे.

पटतं ते

जतमध्ये फिरलेल्या माणसाला हे समजवायला आलेख लागत नाही. सांगली जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा तालुका पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा सप्टेंबरात परतीचा. तालुक्याच्या पश्चिमेला आणि मध्यात कृष्णेचं पाणी म्हैसाळहून टप्प्याटप्प्यानं उचलून येतं. पूर्वेकडची गावं अनेक वर्षं त्या पाण्याची वाट पाहत राहिली. २०२२ च्या अखेरीला सीमेवरच्या गावांमधून 'पाणी द्या, नाहीतर आम्ही कर्नाटकात जातो' असा सूर निघाला, तो भाषेचा वाद नव्हता, पाण्याचा होता. त्यानंतर विस्तारित म्हैसाळ योजनेला वेग आला.

पाणी आलं तिथे काय झालं, हे तुम्ही रस्त्यावरूनच पाहू शकता. द्राक्ष आणि डाळिंब आधीपासून होतं, ते वाढलं, ऊसही दिसू लागला. ठिबक आहे, पण ठिबकामुळे कुणी उपसा कमी केला आणि उरलेलं पाणी गावाला सोडून दिलं, असं माझ्या तरी पाहण्यात नाही. का सोडावं? कर्ज काढून बोअर घेतलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करणंच चूक आहे. म्हणूनच मर्यादा व्यक्तीनं नाही, व्यवस्थेनं घालायची असते. लेखाचा हा मुद्दा शंभर टक्के खरा.

आणि हे फक्त पिकांपुरतं नाही. ओलिताच्या कुरणांची मोठी उदाहरणं न्यूझीलंडच्या कँटरबरी मैदानात आहेत. तिथे पूर्वी जमिनीला उतार देऊन, वरंबे घालून, पाट सोडून कुरणं भिजवत. पुढे त्या जागी चाकांवर फिरणारे मोठे स्प्रिंकलर आले. एकरी पाणी कमी लागू लागलं, पण परिणाम काय? मेंढ्यांच्या कुरणांच्या जागी दुभत्या गाई आल्या, ओलिताचं क्षेत्र वाढलं, आणि गाईंच्या मुतातलं नायट्रेट भूजलात उतरल्याची तक्रार सुरू झाली. कुरणातही विरोधाभास तसाच लागू पडतो.

टोचतं ते : 'बिनफायद्याचं' पाणी

आता दहा टक्क्यांकडे येऊ. ग्राफ्टन यांच्या सहलेखकांपैकी ख्रिस पेरी यांनी पाण्याच्या जमाखर्चाची एक परिभाषा रुळवायला मोठी मेहनत घेतली. त्यांचा २००७ चा लेख या विषयात पायाभूत मानतात. ती परिभाषा सोपी आहे. पाणी दोन प्रकारे जातं. एक, हवेत जातं म्हणजे खर्च होतं. दोन, जमिनीतून किंवा ओढ्यातून पुढे वाहतं. खर्च झालेल्याचे पुन्हा दोन भाग: फायद्याचा आणि बिनफायद्याचा. पीक पितं ते फायद्याचं. ओल्या मातीतून उडतं आणि तण पितं ते बिनफायद्याचं.

'तण पितं ते बिनफायद्याचं' या वाक्यावर मी अडले.

कारण जतमध्ये चराऊ जमिनीला ओलीत कुणी मुद्दाम देत नाही. गायरानात स्प्रिंकलर लावलेला तुम्हाला दिसणार नाही. तरीही चराईला ओलिताचं पाणी मिळतं, आणि ते मिळतं नेमकं या 'बिनफायद्याच्या' रकान्यातून. कालव्याच्या कडेची हरळी, पाझरणाऱ्या चारीखालचा लव्हाळा, द्राक्षाच्या दोन ओळींमधलं गवत, बांधावरचा केना, तलाव आटताना त्याच्या पोटात उगवणारा हिरवा पट्टा, ऊस तुटल्यावरचे वाढे. मार्च-एप्रिलमध्ये माळावरची कुसळी वाळून काडी झालेली असते, तेव्हा मेंढरं जगतात ती यावर. अभियंत्याच्या वहीत जी गळती, ती मेंढक्याच्या वहीत वैरण.

जत म्हणजे मडग्याळ मेंढीचं घर. मडग्याळ हे याच तालुक्यातलं गाव, उंच, बाकदार नाकाची, पांढऱ्यावर तांबूस ठिपके असलेली ही मेंढी त्याच्याच नावानं ओळखली जाते. ती मटणासाठी पाळतात, तिच्या देखण्या बकऱ्यांना बाजारात मोठी किंमत येते. हा व्यवसाय करणाऱ्या अनेक धनगर कुटुंबांकडे जमीन थोडी किंवा कोरडवाहू असते. विहीर नाही, म्हणजे ठिबकाचं अनुदान नाही. पाण्यावर त्यांचा कागदोपत्री हक्क शून्य. हक्क आहे तो वहिवाटीचा: पीक निघालं की रानात शिरायचं, बांध चारायचा, आणि बदल्यात मेंढरं शेतात बसवून लेंडीखत द्यायचं.

आता चारीला अस्तर घातलं, पुढे ती बंद नळीनं बदलली, द्राक्षात तणनाशक मारलं, तर पेरींच्या जमाखर्चात काय दिसेल? बिनफायद्याचा खर्च घटला. म्हणजे हे खरंखुरं पाणी वाचलं, नुसता शेजाऱ्याच्या विहिरीतला हिस्सा पळवलेला नाही. गंमत पाहा: ग्राफ्टन यांच्यासारखे कठोर टीकाकारही या बचतीला मान्यता देतील. त्यांच्या हिशेबात हीच सर्वांत शुद्ध बचत. आणि नेमकी हीच बचत मेंढपाळाच्या ताटातली भाकरी उचलते.

मी असं म्हणत नाही की गळती चालू ठेवा. म्हैसाळचं पाणी वीज जाळून वर येतं. त्या विजेच्या बिलाचा ८१ टक्के भार शासन आणि १९ टक्के लाभधारक उचलतात. एवढं महाग पाणी चारीतून झिरपू देणं परवडत नाही, आणि चारीच्या कडेला नुसती हरळीच उगवते असंही नाही. गाजरगवतही तिथेच माजतं, त्याला मेंढरू तोंड लावत नाही. माझं म्हणणं एवढंच: 'फायद्याचं' हा शब्द मोजमापाचा नाही, निवाड्याचा आहे. तो निवाडा कुणी केला हे लेखात सांगितलेलं नाही. फायदा-तोटा तोला, असं तो सांगतो खरा. पण तोलायच्या आधीच एक पारडं 'बिनफायद्याचं' म्हणून बाजूला काढून ठेवलेलं असतं.

थोडं गणित करू

'मग गायरानालाच ठिबक-तुषार लावा की,' असं कुणी म्हणेल. चराऊ कुरणाचं पाणी-बचतीचं ओलीत हा माझाच विषय आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

एक मेंढी दिवसाला साधारण सव्वा किलोपर्यंत चारा खाते, तोही कोरड्या वजनात. पन्नास मेंढ्यांचा कळप म्हणजे ६० किलो. हे गवत वाढायला किती पाणी लागतं? अमेरिकेत ब्रिग्ज आणि शांट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वी कुंड्या तोलून तोलून हे मोजलं होतं. एक किलो कोरडा पाला तयार करायला ज्वारी-बाजरीसारख्या पिकांना ३०० लिटरच्या आसपास, लसूणघासाला ८०० लिटरच्या वर. मारवेल, अंजन ही आपली गवतं ज्वारीच्या गटातली, म्हणून ३०० धरू. ६० गुणिले ३०० म्हणजे रोज १८,००० लिटर. जवळजवळ दोन टँकर. हाच कळप पाणी किती पितो? फार तर अडीच-तीनशे लिटर. म्हणजे दुष्काळात आपण जनावरांच्या पिण्याच्या पाण्याची जी चिंता करतो, तिच्या साठपट पाणी वैरणीत दडलेलं असतं.

आणि हा आकडा बाराही महिने एकच नसतो. गवताला पाणी किती लागेल हे हवा किती कोरडी आहे त्यावर ठरतं. मे महिन्यातल्या दुपारी ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता धरा. ऑगस्टमधल्या दुपारी २८ अंश आणि ७० टक्के धरा. हवेची ओढ मोजली तर मेमध्ये ती ऑगस्टच्या पाचपट येते. दिवसभराची सरासरी काढली तर फरक कमी होतो, पण दिशा तीच राहते. एकच किलो गवत, पण उन्हाळ्यात उगवाल तर पावसाळ्याच्या कितीतरी पट पाणी. नळी ठिबकाची असो की पाटाची, हवेला त्याचं सोयरसुतक नाही.

म्हणून 'उन्हाळ्यात हिरवं कुरण' ही कल्पना जतसाठी कितीही आधुनिक साधनं लावली तरी उधळपट्टीचीच आहे. तांत्रिक अडचणी वेगळ्याच. कुरणात ठिबकाच्या नळ्या खुरांखाली तुटतात. तुषार उन्हाळी वाऱ्यात उडतात. ओल्या रानात कळप सोडला तर माती घट्ट होते, मग पुढचं पाणी मुरतच नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडे विसरली जाते. कुरणात उगवलेलं गवत आणि पोटात गेलेलं गवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुडवलेलं, घाण झालेलं, निबर होऊन सोडलेलं गवतही पाणी पिऊनच वाढलेलं असतं. ऑस्ट्रेलियात ओलिताच्या कुरणाचा हिशेब पाण्यामागे किती टन कोरडा चारा असा मांडतात, आणि त्यातही खाल्लेल्या चाऱ्याला महत्त्व देतात. आपल्याकडे 'हेक्टरी इतके टन हिरवा चारा' असं छापतात. नेपियरच्या हिरव्या चाऱ्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं! त्या टनांना पाचनं भागा, मग बोला.

नेपियरवाल्यांची बाजूही न्यायानं मांडायला हवी. गोठ्यात बांधलेल्या गाईसाठी, घरची विहीर असेल तर, ठिबकावरचं कापून घालायचं गवत हे एकरी चराऊ कुरणापेक्षा नक्कीच जास्त देतं. तुडवण नाही, नासाडी कमी. पण तो उपाय विहीरवाल्याचा आहे. मेंढपाळाला तो सांगणं म्हणजे बस चुकलेल्याला गाडी घ्या म्हणण्यासारखं आहे.

मग कार्यक्षम ओलीत म्हणजे काय?

५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर ५० लाख लिटर पाणी. त्यातलं एक तृतीयांश जरी गवताच्या मुळातून, पानातून गेलं, तरी ३०० लिटरच्या हिशेबानं साडेपाच टन कोरडा चारा होतो. उजाड गायरानात याचा छोटासा हिस्साही मिळत नाही, कारण पाणी एकतर वाहून जातं नाहीतर उघड्या मातीतून उडून जातं. मातीतून उडणारं पाणी गवतातून उडवणं, ही चराऊ जमिनीची खरी पाणीबचत. इथे विरोधाभास लागू होत नाही, कारण कुणाच्या विहिरीतलं पाणी कमी होत नाही. जे हवेतच जाणार होतं, तेच चाऱ्यातून जातं. फक्त वाहून जाणारं पाणी अडवताना खालच्या गावाचा विचार करायला हवा, तिथे ग्राफ्टन पुन्हा बरोबर ठरतात.

त्यासाठी लागतं ते असं: उतारावर समतल चर, मारवेल-अंजनाच्या जोडीला स्टायलोसारखं द्विदल, आणि आळीपाळीनं चराई, म्हणजे एक तुकडा चरताना बाकीचे विसावतात. ओलीत द्यायचंच तर पावसाच्या मोठ्या खंडात किंवा परतीच्या पावसानंतर एखाद-दुसरं, गवत जगवायला आणि वाढ पुरी करायला. हवा दमट असताना दिलेल्या एका पाण्यावर जेवढं गवत येतं, तेवढं मेमधल्या एका पाण्यावर येणार नाही. ते गवत कापून, वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवायचं. खरं तर जतचा शेतकरी हे ज्वारीत करतच आलाय. शाळू परतीच्या ओलीवर येतो आणि कडबा वर्षभर पुरवतो. चाऱ्याच्या रूपात साठवलेलं पाणी, तेही बाष्पीभवनाशिवाय!

आता अडचण. आळीपाळीनं चराई म्हणजे काही काळ चराईबंदी. आदर्श गाव म्हणून आपण हिवरे बाजारचं नाव घेतो, ते योग्यच आहे. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, सिंचनासाठी बोअरवेलला मनाई, उसाला मनाई. म्हणजे ग्राफ्टन यांनी २०१८ मध्ये मागितलेला जमाखर्च आणि उपशाची मर्यादा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावानं त्याच्या किती तरी आधी ग्रामसभेत करून दाखवली. पण त्याच नियमांत चराईबंदीही होती. गवत वाढलं, ते कापून न्यायचं, घरी दावणीला घालायचं. गाई-म्हशीवाल्याला ते जमतं. दीडशे मेंढरं घेऊन फिरणाऱ्यानं दावण कुठे बांधावी? चांगल्या जमाखर्चातही ज्याची नोंद नाही, त्याचा तोटा झाला तरी तो कुठे दिसत नाही.

माझा निष्कर्ष

'सिंचन कार्यक्षमतेचा विरोधाभास' हा लेख वाचाच. तीन पानांत तो एवढ्या भ्रमांची हवा काढतो की ठिबकाच्या जाहिराती पुन्हा तशाच डोळ्यांनी पाहता येत नाहीत. 'प्रति थेंब अधिक पीक' या सरकारी घोषणेतला थेंब कुणाचा आणि कुठून आला, हे विचारायला तो शिकवतो. पण तो वाचून झाल्यावर 'पीक म्हणजे काय' हेही विचारा. बांधावरची हरळी जर एखाद्या घराचं उत्पन्न असेल, तर ती तण नाही.

हे नुसतं शब्दांचं भांडण नाही. विस्तारित म्हैसाळचं पाणी पूर्व भागात पोचेल, तेव्हा लाभक्षेत्र, पाळीपत्रकं, पाणीपट्टी सगळं कागदावर येईल. त्याच वेळी चाऱ्याचा एक रकाना घालणं सोपं आहे: प्रत्येक गावात किती मेंढरं, उन्हाळ्यात ती कशावर जगतात, चारी बंद नळीत गेली तर ते किती घटेल, आणि त्याच्या बदल्यात गायरानाला हंगामात एखादं पाणी किंवा तलावाच्या पोटातल्या गवतावर मेंढपाळाचा नोंदलेला हक्क देता येईल का. एकदा नळ्या गाडल्या की हे प्रश्न कुणी विचारणार नाही, कारण तोवर कालव्याकडेची हिरवी रेघ पुसलेली असेल आणि बचतीच्या आकड्यात ती यश म्हणून मोजलेली असेल.

तुमच्या गावात चारीला अस्तर किंवा बंद नळी झाली असेल, तर तिथली मेंढरं आता उन्हाळ्यात कुठे चरतात, हे एकदा विचारून पाहा. उत्तर मिळालं तर मलाही कळवा. पुढच्या लेखात उजाड गायरानाचं मोजमाप कसं करतात, तराजू आणि चौकट घेऊन, ते सांगेन.